सागाची खाट आणि तिचा पुढचा धनी

मी, गो बून ताट, वडिलांचे नाव गो आ लेंग, वय त्र्याऐंशी, धंदा पूर्वी रबराची प्रत ठरवणे, हल्ली काही नाही, राहणार हॉक आन शुश्रूषागृह, ताइपिंग, असे लिहून ठेवतो की, आज सकाळी मी स्वतःच्या हाताने दाढी केली, कालच्या जेवणात काय होते ते मला आठवते, आणि वकीलबाई नोरायनी यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात दिली. तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे याबद्दल कोणी शंका घेऊ नये. मजवर कोणाचा दाब नाही. मुलाने दाब टाकून पाहिला होता, त्याची हकिकत योग्य त्या कलमात येईल.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते बायको मागे राहील असे धरून केले होते.

कलम पहिले. रेल्वे फाटकाजवळचे दुमजली दुकानघर माझा एकुलता एक मुलगा गो ची मेंग, राहणार क्वालालंपूर, यास मिळावे. वरच्या मजल्यावरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात त्याच्या आईच्या नावाची पाटी आहे, शेजारी माझी लागेल. घर विकायचे झाल्यास आधी पाट्या नीट हलवाव्यात आणि मग दलालाला बोलवावे. याच्या उलट करणारे लोक मी पाहिले आहेत. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू सायकली दुरुस्त करतो, फार बोलतो, पण माणूस चांगला आहे. त्याला तडकाफडकी काढू नये.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे गठ्ठा कापायची बाकदार सुरी आणि उजेडाची काच, हीसुद्धा ची मेंगला. तो संगणकावर काम करतो, त्याला सुरीचा उपयोग नाही हे मी जाणतो. तरी द्यायची आहे, कारण ती कशी वापरायची ते त्याला मागच्या वर्षी एकदाचे समजले आहे.

ते कसे, हे इथे लिहिणे भाग आहे. रबराचे ताव धुरी देऊन वाळवतात, एकावर एक रचून गठ्ठा बांधतात. वरचा ताव नेहमी मधासारखा स्वच्छ असतो. विकणारा काही मूर्ख नसतो. पारख्याने गठ्ठ्याच्या पोटात सुरी घालावी, मधला ताव ओढून काचेवर उजेडात धरावा, आणि बुरशी, बुडबुडे, माती काय असेल ते तिथे पाहावे. मी जन्मभर एवढेच केले आणि त्यावर एक संसार उभा राहिला.

बायकोला, स्यू ग्वातला, अर्धांगाचा झटका आला आणि मला एकट्याला तिला उचलणे होईना, तेव्हा मी शुश्रूषागृहे पाहत हिंडलो. सगळीकडे मला वरचा ताव दाखवला. एके ठिकाणी दारात मासे सोडलेली काचपेटी होती, एके ठिकाणी भिंतभर प्रमाणपत्रे, एके ठिकाणी एक आजोबा नवा सदरा घालून मला हात हलवून दाखवत होते. मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारले, "तुमच्याकडे असं कोण आहे, ज्याला भेटायला कोणीच येत नाही? मला त्या माणसाला बघायचंय." बहुतेकांनी विषय बदलला. एका बाईने तर मला विचारले, "अंकल, तुम्ही सरकारातून आलात का?"

हॉक आनमध्ये ते घर चालवणाऱ्या परिचारिका, मिस्सी थावामणी, यांनी विचारले, "का? नातेवाईक आहात?"

"नाही. मधला ताव बघतोय."

त्यांना ते कळले नाही, पण त्या वैतागून म्हणाल्या, "या मागे. चपला काढा, आत्ताच फरशी पुसलीय."

मागच्या खोलीत याम-चे नावाची म्हातारी होती. तिला ना नातेवाईक ना पैसा, ती बोलत नाही, अंथरुणावरून उठत नाही. मी तिची नखे पाहिली, कापलेली होती. टाचा पाहिल्या, तेल लावलेले होते. कानामागे पाहिले. पाठीला जखम नव्हती. एक मुलगी तिला पेज भरवत होती आणि प्रत्येक घास गळ्याखाली उतरेपर्यंत चमचा वर धरून थांबत होती, आणि मी पाहतोय म्हणून काही हळू झाली नव्हती, कारण मी तिच्या मागे उभा होतो. भिंतीचा रंग उडालेला होता, पंखा खडखडत होता, आणि मला दिलेली कॉफी पिण्याच्या लायकीची नव्हती. पण जन्मात मी याहून चांगला मधला ताव पाहिला नव्हता. तपासणीला येणारे साहेब रंगाचे आणि जिन्याच्या रुंदीचे गुण कापतात, ते त्यांच्या परीने बरोबर आहे. कॉफीचे गुण मीही कापले आहेत.

कलम तिसरे. आता खाटेबद्दल. या मृत्युपत्राचे खरे कारण हेच आहे.

स्यू ग्वातला लोखंडी खाटेवर झोप येईना, म्हणून मी घरची सागाची खाट इथे आणून खिडकीशी टाकली. त्या खाटेवर ती राहिली आणि त्या खाटेवरच ती गेली. शेवटी तिचा श्वास बदलला, तेव्हा मिस्सींनी मला बाजूला घेऊन सरळ विचारले, "अंकल, घरी न्यायचं, इस्पितळात पाठवायचं, की इथंच?"

आमच्या गावातल्या बाकीच्या सदनांत हा प्रश्न विचारत नाहीत. तिथे रुग्णवाहिका बोलावतात. माणूस गाडीत जावो नाहीतर इस्पितळाच्या दारात, सदनाच्या नावावर मरण लागू नये एवढेच. आणि मग ते नातेवाइकांना छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे कोणी मरत नाही. आमची माणसे ते ऐकून खूश होतात. मरणाचे नाव काढू नये, आमच्या बोलीत मरणासारखा ऐकू येतो म्हणून चार आकडा टाळावा, ही आमची रीत मलाही आहे. पण अनोळखी माणसांच्या हातात धक्के खात जाणे, याला चांगली प्रत कोण म्हणेल?

मी म्हणालो, "इथंच." मिस्सींनी पडदा ओढला, खोलीतल्या सगळ्यांना हळू आवाजात काय होते आहे ते सांगितले, आणि स्वतः तिच्या उशाशी बसल्या. मी तिच्या तळव्यांना तेल चोळत होतो. ऊन खिडकीतून आत आले होते. तिने दोनदा माझे नाव घेतले आणि एकदा कुत्र्याचे, जो आमच्याकडे लग्नाच्या वर्षी होता. मग ती गेली. मला त्या दिवशी रडू आले, पण वाईट वाटले नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितो.

त्यानंतर बातमी पसरली की हॉक आनमध्ये माणसे मरू देतात. तीन कुटुंबांनी आपले म्हातारे उचलून नेले. शेजारच्या खाटेवरचे याप किम स्वी यांनी आपली खाट पार पलीकडच्या भिंतीला नेऊन टाकली आणि उशाशी लाल कापड बांधले. गादी रीतीप्रमाणे जाळली, पण सागाच्या खाटेवर कोणी झोपायला तयार होईना. नवे लोक खोली बघायला येत, खिडकीशी ती रिकामी खाट पाहत, कुजबुजत आणि जात. शेवटी मीच घर बंद केले आणि तिच्यावर झोपायला आलो.

ची मेंग रविवारी आला तो क्वालालंपूरच्या एका सदनाचे रंगीत पुस्तक घेऊनच.

"पा, तिथं पियानो आहे."

"मला कुठं वाजवता येतो?"

"आई गेली त्या खाटेवर तुम्ही झोपता. लोक काय म्हणतील, पा?"

"लोकांना म्हणावं, खाट सागाची आहे, वाळवी लागत नाही."

"थट्टा नको. तुम्हाला काही झालं तर हे लोक डॉक्टरकडं तरी नेतील का?"

"ताप आला तर नेतात. मागं माझं बोट मोडलं तेव्हा नेलंच की. मी मरणाचं बोलतोय, बोटाचं नाही."

त्याने ते रंगीत पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले. तेव्हा मी म्हणालो, "ठीक आहे, मी येतो तुझ्या पियानोजवळ. पण आधी तू जा. न सांगता जा. ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याला बघून ये. मग इथं ये आणि तेच कर. पुढं तू म्हणशील तसं."

तो गेला. पहिल्यांदा त्याला वर सोडले नाही, दुसऱ्यांदा मात्र तो वर पोचला. काय पाहिले ते त्याने मला सांगितले नाही, एवढेच म्हणाला, "पा, तिथं सगळं स्वच्छ आहे, पण कोणी कोणाशी बोलत नाही." मग तो इथे येऊन याम-चेजवळ उभा राहिला. मिस्सींना हात कमी पडत होते. त्यांनी त्याच्या हातात वाटी दिली. "उभे राहून काय बघताय? बसा. घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका." माझ्या एवढ्या मोठ्या साहेबाने अर्धा तास पेज भरवली. याम-चेने चमचा दातात धरून ठेवला, तो सोडेचना, आणि ची मेंग हसू लागला. निघताना मला म्हणाला, "राहा इथंच." खाटेवर मात्र तो अजून बसत नाही, खुर्ची मागतो. तेही मी चालवून घेतो.

मिस्सींची अडचण मात्र संपलेली नाही. त्या मला म्हणाल्या, "अंकल, पुन्हा असं झालं आणि पुन्हा खाटा रिकाम्या झाल्या, तर मलाही गाडी बोलवावी लागेल. घर रिकाम्या खाटांवर चालत नाही." त्या रडल्या नाहीत, त्यांना ती सवय नाही. पण त्या मनाने वाकू लागल्या आहेत हे मला दिसले, आणि मला त्याची भीती वाटते.

म्हणून माझी आज्ञा अशी की, माझी वेळ आली की मला कोठेही हलवू नये. ही खाट, हीच खिडकी. ची मेंगने उशाशी बसावे. वेळेवर पोचला नाही तर मनाला लावून घेऊ नये, मिस्सी असतील. नंतर गादी जाळावी, खाट जाळू नये. खाट मी हॉक आनला देतो, या अटीवर की ती खिडकीशीच राहावी आणि तिच्यावर कोणीतरी झोपावे. ही अट पाळली जाईल अशी खात्री मला देता येत नाही, वकीलबाईंनाही नाही.

कलम चौथे. बँकेतली माझी शिल्लक हॉक आनला. ती रंगासाठी नाही आणि जिन्यासाठीही नाही. ज्याची वेळ आली आहे त्याच्याजवळ एका माणसाने दुसरे काहीही काम न करता नुसते बसावे, त्या माणसाच्या पगारासाठी ती आहे. बसणाऱ्याला कॉफी बाहेरून आणून द्यावी.

कलम पाचवे, याप किम स्वी यांच्याबद्दल. हे गृहस्थ रबराचे व्यापारी होते. त्यांच्या गठ्ठ्यांच्या पोटात मी आयुष्यभर बुरशी शोधली आणि ती दर वेळी सापडली. त्याचा सूड म्हणून त्यांनी माझ्या साहेबाला सांगितले की गो लाच खातो, आणि माझी बढती गेली. देवाची करणी अशी की आज आम्ही एका खोलीत आहोत आणि त्यांचे घोरणे मला ऐकावे लागते. मी त्यांना माफ केलेले नाही. पण रोज सकाळी ते मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, कारण मला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि मधली पाने गाळत नाहीत. तेव्हा बढतीची तक्रार मी मागे घेतो, बुरशीची ठेवतो. यांना मी काही देत नाही.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून घेतले आणि ते बरोबर असल्याची खात्री केली.

साक्षीदार पहिला: <s>याप किम स्वी</s>

वरील नाव खोडले आहे. खोडल्याचे कारण, वकीलबाईंच्या सल्ल्याने, येथेच नोंदवतो.

वकीलबाई मोठ्याने वाचत होत्या. याप सही करायला पेन उघडून बसले होते. तिसरे कलम आले तेव्हा ते म्हणाले, "थांबा. ही खाट कोणाच्या नावानं लिहिलीय?"

"सदनाच्या," वकीलबाई म्हणाल्या.

"सदन काय झोपणार आहे का तिच्यावर?"

मी म्हणालो, "याप, तू सही कर. तुला चार नंबरच्या बसमध्ये बसवत नाही, तू खाटेची चौकशी कशाला करतोस?"

"मी होतो तुझी बायको गेली त्या दिवशी," ते म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून होतो, पण सगळं ऐकत होतो. माझी बायको इस्पितळाच्या वाटेवर गेली, लाउडस्पीकर लावलेल्या मिरवणुकीत गाडी अडकली होती. मी मागच्या गाडीत होतो. तिनं कोणाचं नाव घेतलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही." मग त्यांनी दाराकडे पाहिले. मिस्सी दारात उभ्या होत्या. "लिहा, वकीलबाई. गो गेला की खिडकीची खाट माझी. माझ्या मुली आल्या न्यायला तर त्यांना हा कागद दाखवा."

वकीलबाई म्हणाल्या, "अंकल, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. सही किंवा खाट, एकच काहीतरी."

यापनी पेन बंद करून खिशात ठेवले.

सबब कलम तिसऱ्यात दुरुस्ती: सागाची खाट माझ्यामागे याप किम स्वी यांस त्यांच्या हयातीपर्यंत मिळावी, आणि त्यांच्यामागे हॉक आनला. कलम पाचव्यातील "यांना मी काही देत नाही" हे वाक्य काढून टाकावे.

ठिकाण: हॉक आन शुश्रूषागृह, ताइपिंग
दिनांक: ९ मार्च २०१५

मृत्युपत्र करणार: गो बून ताट (सही)

साक्षीदार पहिले: व्ही. गुणसेकरन, निवृत्त पोस्टमास्तर, दुसऱ्या कोणाला तरी भेटायला आले होते (सही)
साक्षीदार दुसऱ्या: रोझिता, वकीलबाईंच्या कार्यालयातील कारकून (सही)

वाचले, मान्य आहे. बुरशीबद्दलचे नाही, बाकी सर्व.
याप किम स्वी, साक्षीदार नव्हे (सही)