मास्तरांनी न दिलेली हाक

३ ऑक्टोबर, शनिवार

आज परत तेच. लिफ्ट खाली उभी, दार उघडं, आणि आम्ही दोघं पिशव्या घेऊन जिन्यानं पाचव्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "लिफ्ट बिघडली का गं?" मी म्हटलं, "नाही आजी, व्यायाम." अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माझा नवरा, आणि व्यायाम!

मास्तर जाऊन सात आठवडे झाले. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून काम करत होते, वरून लिफ्ट आली. हा तेव्हा सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत. कामावर दोघंच होते. मास्तरांनीच याला हे काम शिकवलं, हातात पाना कसा धरायचा इथपासून. त्या दिवसापासून हा कामावर गेलेला नाही. खिडकीशी बसतो. काय होतंय म्हणून दाताच्या कण्या केल्या मी. उत्तर एकच – "काही नाही."

उद्या रविवार. उद्या त्याला बाहेर काढणार. ओढत का होईना.

४ ऑक्टोबर, रविवार

काढलं! समोर आली त्या बसमध्ये चढलो आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "इथून पुढं काही नाही हो." मी म्हटलं, "तेच बघायला आलोय."

खरंच काही नव्हतं. एक बंद पेट्रोल पंप, एक बाक, आणि झाडं. पानं इतकी गळलेली की रस्ता कुठं संपतो ते कळेना. हा त्यातून पाय फरफटत चालत होता. मग थांबला, म्हणाला, "मास्तर असते तर ओरडले असते. पाय उचलून चाल म्हणून."

सात आठवड्यांत त्यांच्याबद्दल हे पहिलं वाक्य. परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. मी स्टॉप येईपर्यंत हलले नाही. हाताला मुंग्या आल्या, येऊ देत.

६ ऑक्टोबर, मंगळवार

लॅबमध्ये आज एका कवळीचे पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. मेणातच होते म्हणून निभावलं. मालकीणबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" पाचव्या मजल्यावर, खिडकीशी. म्हटलं नाही तसं.

११ ऑक्टोबर, रविवार

हे लिहू की नको. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तळ्यावर गेलो होतो. पायांनी चालवायच्या होड्या. होडीवाला म्हणाला, "आजचा शेवटचा दिवस, उद्या सगळ्या वर काढणार." वारा गार होता, तळ्यात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मधोमध गेल्यावर मी म्हटलं, मला वळवू दे – आणि होडी थेट काठच्या गवतात नेऊन घुसवली. पुढं जाईना, मागं येईना. तो ढकलायला उभा राहिला, एक बूट पाण्यात गेला आणि बदकासारखा तरंगायला लागला. मी हसले. मग तोही हसला. पोट धरून हसलो दोघं. मला वाटलं, सुटलो. यातून सुटलो आपण.

हसता हसता तो रडायला लागला. म्हणाला, "स्विच मी चालू केला."

मला कळलंच नाही आधी. मग त्यानं सगळं सांगितलं. मास्तर त्याला सांगूनच खाली उतरले होते. मेन स्विच बंद होता. "मी हाक मारीन, मग चालू कर" म्हणाले. याला वाटलं, हाक आली. लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत आवाज घुमतो, कुठून काय येतं कळत नाही. यानं स्विच चालू केला.

"त्यांनी हाक मारली नव्हती," म्हणाला. "मी ऐकली, पण त्यांनी मारली नव्हती."

आणि चौकशीत यानं सांगितलं की स्विच चालूच होता, मास्तर न सांगता उतरले. अहवालात तेच आलं – मयताची चूक.

होडीवाला शिट्ट्या मारत होता, वेळ संपली म्हणून.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी त्याला म्हटलं, "मला सांगितलंस, बास झालं. आता आणखी कुणाला नाही. गेलेला माणूस परत येणार आहे का?" नोकरी जाईल. कदाचित तुरुंग. मग मी काय करायचं एकटीनं? त्याच्याकडून वचन घेतलं. हात हातात घेऊन घेतलं. तो "बरं" म्हणाला.

मी हे केलं. मी.

१८ ऑक्टोबर, रविवार

टेकडीवर गेलो. पाइनची सुकलेली फळं वेचली, पिशवीभर. कशाला, विचारू नये. तो पुढं पुढं चालत होता. जेवतो हल्ली. झोपतो. त्याचं ओझं उतरलं – आणि माझ्या डोक्यावर बसलं. दिवसभर लोकांचे दात घडवते आणि स्वतः एक घास चावू शकत नाही.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

वहिनी भेटल्या. मास्तरांची बायको. दुकानात, साबणांच्या रांगेपाशी. वळून पळून जावं असं वाटलं, पण त्यांनी पाहिलं. मलाच जवळ घेतलं. "कसा आहे तो? सांभाळ त्याला. त्याचा फार जीव होता त्यांच्यावर."

मुलीचं विचारलं. नववीत आहे. वहिनी म्हणाल्या, "ती एकच विचारते. बाबांनी एवढ्या लोकांना शिकवलं, मग ते स्वतः कसे चुकले? मी काय सांगू गं तिला? शाळेतही कुणीतरी म्हणालं, तुझ्या वडिलांची स्वतःचीच चूक होती."

मी म्हटलं, "मला उशीर होतोय."

सामान तिथंच टाकून आले. याला सांगितलं, दुकान बंद होतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

त्याच्यासाठी काढलेल्या या सहली आता माझ्यासाठी चालल्यात. घरात बसलं की भिंती बोलतात.

धुकं होतं. त्या शेवटच्या स्टॉपपलीकडच्या झाडांत परत शिरलो. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, वर पाहिलं तर हा नाही. हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. पाच, सहा, दहा वेळा. धावले, पानांवरून घसरले, गुडघा फुटला.

तो दहा पावलांवर उभा होता. सरळ, हात खाली सोडून.

"ऐकू येत नव्हतं का तुला?"

"येत होतं."

"मग ओ का दिली नाहीस?"

तो म्हणाला, "खरंच मारते आहेस की मला नुसतं वाटतंय, ते कळेना."

मी तिथंच, ओल्या पानांत, बसून राहिले. हा माणूस बरा झालेला नव्हता. झोपतो, जेवतो, म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. मुलगी काय विचारते ते. शब्द न् शब्द.

तो म्हणाला, "रविवारी जातो मी त्यांच्याकडे."

आणि मी – सांगणारी मीच – किंचाळले. गेलास तर परत आल्यावर मी इथं नसेन, म्हणाले. इतकी वर्षं काय केलं नाही तुझ्यासाठी, तेही काढलं. तो ऐकत राहिला. "तुला दिलेलं वचन मोडतोय. मला माफ कर," म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

बॅग भरली. रिकामी केली.

१ नोव्हेंबर, रविवार

तो दहाला निघाला. मी दारापर्यंतही गेले नाही. घड्याळाकडे बघत ओट्याशी उभी. ओटा चार वेळा पुसला. मनात काय काय येऊन गेलं. त्या मारतील त्याला. पोलीस बोलावतील. किंवा हा तिथवर पोचणारच नाही, वाटेतल्या पुलावरून – नको.

एक वाजता जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी. दार उघडलं. चेहरा पांढराफटक, पण डोळे माझ्याकडे, खिडकीकडे नाही.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही. ऐकून घेतलं. खूप वेळ तोंडाला पदर लावून बसल्या. मग आत जाऊन मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, हे परत सांग. हिच्यासमोर."

"आणि सांगितलंस?"

"सांगितलं. बाबा चुकले नव्हते, असं म्हटलं तिला. ती म्हणाली, मला माहीत होतं. आणि मग मला म्हणाली, आता तुम्ही जा."

मी त्याला पाणी दिलं. तो जमिनीवरच बसला. मीही बसले त्याच्या शेजारी. संध्याकाळ होईपर्यंत दोघंही उठलो नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

चौकशीवाल्यांना द्यायचा जबाब लिहायचा होता. तो सांगत गेला आणि मी लिहिलं. खाली त्यानं सही केली. त्याच्याखाली, त्याला न विचारता, मी आणखी एक ओळ लिहिली – "हे मला अकरा ऑक्टोबरपासून माहीत होतं, आणि याला गप्प राहायला मी सांगितलं." तिच्याखाली माझी सही.