भिंतीलगतच्या घरातली खुर्ची

१४ ऑक्टोबर

घर लागलं एकदाचं. टिरोनच्या डोंगरातून निघताना डिम्फनाचे डोळे भरून आले होते, पण बेलफास्टमधलं हे छोटं विटांचं घर पाहिलं आणि तिनं तिथल्या तिथे बाह्या वर केल्या. खाली एक खोली, शेगडी, मागे स्वयंपाकघर. त्यामागे हातभर अंगण आणि अंगणाला लागून ती उंच भिंत. अलीकडे आम्ही कॅथलिक, पलीकडे प्रोटेस्टंट. पलीकडून दगड यायचे तेव्हाची लोखंडी जाळी अंगणावर अजून आहे. आता त्यातून नुसतं ऊन येईल, असं मी म्हणालो. शेजारची ऊना, सत्तरी ओलांडलेली बाई, गरम सोडा-ब्रेड घेऊन दारात उभी होती. "ऊन? इथे? अरे बाबा, तू खरंच डोंगरातून आलायस," म्हणाली. डिम्फना पोट धरून हसली. दाराशी पवित्र पाण्याची वाटी टांगली. देवाचे आभार.

२३ ऑक्टोबर

काम जमलं. चुलतभावाच्या काळ्या टॅक्सीतून पर्यटकांना भिंतीवरची चित्रं दाखवायची. ते मार्कर घेऊन भिंतीवर आपली नावं लिहितात, शांतीचे दोन शब्द लिहितात, फोटो काढतात. एका जर्मन बाईनं विचारलं, ही अजून पाडली कशी नाही? मी म्हटलं, बाई, सगळ्यांनाच ती पडायला हवी आहे, फक्त आपल्या घरामागची सगळ्यात शेवटी.

मला आवडतं ते आमच्या गल्लीच्या टोकाचं चित्र. भिंत नव्हती तेव्हाची गल्ली, दोन्हीकडच्या बायका आपापल्या उंबऱ्यावर. हिरव्या स्वेटरची एक जण ओल्या हातानं कुणाला तरी आत बोलावते आहे. ऊना तिथून जाताना रस्ता ओलांडते. विचारलं तर म्हणाली, तिकडे चिखल असतो.

१ नोव्हेंबर

आज पितरांची रात्र. आमच्याकडे या रात्री दाराला कडी घालत नाहीत. शेगडी पेटती ठेवायची, जवळ रिकामी खुर्ची आणि पेलाभर पाणी. घरातून गेलेले येऊन शेकून जातात. सकाळी कर्त्यानं एकेकाला नावानं हाक मारून निरोप द्यायचा. हाक ऐकून ते उंबऱ्याबाहेर उभे राहतात, कडी लावली की जातात. तोवर त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही, नाहीतर जागांची अदलाबदल होते म्हणतात.

ऊनानं खुर्ची पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "इथे नको. गावाकडचं गावाकडे ठेव." मी म्हटलं, आम्ही शहरात आलो म्हणून आमच्या माणसांनी तहानलेलं राहावं का? ती पाठ फिरवून गेली.

२ नोव्हेंबर

पेला रिकामा होता. समाधान वाटलं. आईला, वडिलांना, डिम्फनाच्या बहिणीला हाक मारली. मागे वळून पाहतो तर कंबर धरून डिम्फना खुर्चीत बसलेली. अजून कडी लावायची होती. मी रागावलो, तर म्हणते, "तुझ्या आईनं जिवंतपणी कधी बसू दिलं नाही, आता तरी बसू दे." मलाही हसू आलं. मग ती म्हणाली, खुर्ची कोमट आहे, आताच कुणी उठून गेल्यासारखी.

किटलीही गरम होती. आम्ही ती ठेवलीच नव्हती.

६ नोव्हेंबर

डिम्फना बसल्या जागेवरून दचकून उठते आणि आधण उतरवायला धावते. शेगडीवर काहीच नसतं. तिला ते सांगितलं की ओशाळते.

काल चर्चमध्ये सगळ्यांनी क्रूसाची खूण केली, तिचे हात मांडीवरच राहिले. परत येताना एक स्तोत्र गुणगुणत होती. सुरेख, पण आपलं नव्हे. पलीकडच्यांचं.

माझ्या लक्षात येतंय. चुलतभाऊ म्हणाला होता, हे घर जळक्या पायावर पुन्हा बांधलेलं आहे. इथून गेलेलं जे कुणी होतं ते आमचं नव्हतं. मी दार उघडलं आणि निरोप मात्र माझ्याच माणसांना दिला.

९ नोव्हेंबर

गल्लीच्या टोकाच्या चित्राशी टॅक्सीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, हा एकच उंबरा रिकामा का? हिरव्या स्वेटरची बाई चित्रात नाही. रंग उडालेला नाही. ती होती तिथे दाराच्या फळ्या नीट रंगवलेल्या आहेत, जणू तिचं चित्र तिथे कधी रेखाटलंच नव्हतं.

घरी आलो. डिम्फनानं मला चहा दिला, आणि अदबीनं विचारलं, भाऊ, तुम्ही कुणाकडचे?

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील.

१० नोव्हेंबर

फादर येऊन पाणी शिंपडून गेले. तिनं त्यांना "फादर" नाही, "साहेब" म्हटलं.

ऊनाकडे गेलो. म्हणालो, निरोप द्यायला नाव लागतं, इथे कोण राहत होतं तेवढं सांग. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. दारामागे रडत होती.

१३ नोव्हेंबर

ऊना आपणहून आली. बसली नाही. दंगलीत इथल्या प्रोटेस्टंटांना घालवलं तेव्हा ती तरुण होती. या घरातली बाई पोरांना गाडीत बसवून परत आली होती — आधण राहिलं होतं म्हणून. ऊनाचे भाऊ पेट्रोलच्या बाटल्या घेऊन उभे. आत कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. "मी ओरडले, कुणी नाही. मी तिला आत जाताना पाहिलं होतं रे."

मग नाव सांगितलं. हेस्टर गिलिलँड.

डिम्फना स्वयंपाकघरातून ऐकत होती. हसली. ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

उद्या सकाळी. देवा, उद्या सकाळी.

१४ नोव्हेंबर

दार सताड उघडलं. खुर्चीमागे उभा राहिलो. हेस्टर गिलिलँड, देवाच्या शांतीत जा.

खुर्ची हलली नाही.

"आले," — स्वयंपाकघरातून. डिम्फनाचा आवाज.

हात पुसत आली. माझे आभार मानले. अनवाणीच उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. मी कडी लावेन याची ती वाट पाहते आहे.

लावणार नाही. म्हणून लिहितोय — हात गुंतलेला राहावा —

तिला तिच्या नावानं हाक मारली. डिम्फना. डिम्फना, आत ये.

ओ आली. माझ्या पाठीमागून. खुर्चीतून. "मी इथेच आहे रे, थंडी येते आहे, दार लाव —"

दोन्ही आवाज तिचेच. एक बाहेर, एक —

बाहेरचीला मी स्पर्श केला, ती ऊबदार आहे. खुर्चीत काही दिसत नाही, पण रडणं — असं रडणं फक्त तिचं —

लावली तर कोण जाईल

बाहेरची दमली आहे. हात पुढे करते आहे, कडीकडे, ती स्वतःच —