एकतिसावा दिवस

५ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

खोटी साक्ष वाचून एखाद्याची श्रद्धा खरोखर वाढली, तर ती सेवा म्हणायची की पाप? मला याचं उत्तर येत नाही. चार दिवस मी याच प्रश्नावर अडले आहे. पुस्तक तुझं आहे, म्हणून तुलाच विचारते.

हो, ‘शोकाचे चाळीस दिवस’ आमच्याच छापखान्यात आलंय. तू मला कळवलं नव्हतंस. मी मुलांच्या पुस्तकांकडे असते, पण मोठ्यांची पुस्तकं तपासणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि ते माझ्या टेबलावर आलं. वर तुझं नाव पाहून मी सगळ्यांना सांगत सुटले की ही माझी सख्खी मावशी, तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, आणि आता देवाबद्दल लिहिते.

आमच्याकडे तपासणी जोडीने होते. एकाने तपासणीसाठी छापलेलं कच्चं पान विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने हस्तलिखितावर बोट फिरवत जायचं. माझ्या जोडीला आमचे जुने तपासनीस, चष्मेकाका होते. पुस्तकातले पहिले तीस दिवस छान गेले. एकतिसाव्या दिवशी मी वाचलं, बाबा गेल्यापासून मी प्रार्थनेला बसते आणि भिंतीचे पोपडे मोजते पूर्णविराम. देव ऐकतो म्हणतात स्वल्पविराम मग आईने इतक्यांदा हाक मारली ती कोणी ऐकली प्रश्नचिन्ह.

मावशी, हे माझं पत्र आहे. गेल्या वर्षी तुला लिहिलेलं. तू वाचायचंस, त्यावर प्रार्थना करायचीस आणि चुलीत टाकायचंस, असं आपलं ठरलं होतं. तू दर वेळी कळवायचीस की आता राखेलाही काही आठवत नाही.

आणि खाली दोन ओळी तुझ्या. ही मुलगी चाळिसाव्या दिवशी गुडघ्यांवर आली आणि तिची प्रार्थना तिला परत मिळाली. तेही मी वाचलं, पूर्णविरामासकट. काकांनी हस्तलिखितावर बरोबरची खूण केली. मी पान उलटलं.

मी कधी गुडघ्यांवर आले, मावशी? घरातली पहिली पदवीधर छापखान्यात कशाला जातेय, असं सगळे म्हणाले, तेव्हा मी ऐटीत सांगितलं होतं की तिथे माणसाला देवाकडे नेणारी पुस्तकं छापतात, तिथे खोटं नसतं. तेव्हा तूच टाळ्या वाजवल्या होत्यास.

लोभ किती आहे ते उत्तर किती लवकर येतं त्यावरून मोजेन.

तुझी,
खारूताई

१२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

गुडघे सुजलेत, म्हणून पलंगावर बसून लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. तू तर लाल पेन्सिल हातात घेऊनच जन्मलीस.

पत्रं जाळली नाहीत, हे खरं. बिस्किटांच्या डब्यात आहेत. पहिलं पत्र घेऊन चुलीपाशी गेले होते, पण हात पुढे होईना. तुझ्या आईला सही करताना घाम फुटतो. मी जेमतेम परिचारिकेच्या कामापुरतं शिकले. आपल्या घरात असं कोणी लिहिलंच नव्हतं गं. ते मी जाळायचं? मग तुला काय सांगू, म्हणून राखेचं सांगत राहिले. तू मुलांच्या पुस्तकांकडे असतेस, तुझ्या नजरेला पडणार नाही, असंही मनात होतं. बघ, सगळं सांगून टाकलं.

पण नाव तर दिलं नाही ना? शेजारच्या गल्लीत एकीचा तरणा मुलगा गेला. तिला चर्चच्या पाळकांचे बोल नकोत, माझे नकोत. तुझी ती हाकेची ओळ वाचून दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा जेवली.

राहिला शेवट. जखम उघडी ठेवून मी कधी कोणाला घरी पाठवलेलं नाही, तर वाचकाला कशी पाठवू? तू एक दिवस परत प्रार्थना करशील असा माझा विश्वास आहे. तो थोडा आधी लिहिला, इतकंच. रागाने त्या पानावर काट मारू नकोस. आणि आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस. तिला त्रास होईल.

रागावलीस तरी मावशी एकच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
मावशी

१७ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

आज एकच गोष्ट. काल आई जिन्यात शेजारणीला सांगत होती की माझी मुलगी फार खचली होती, पण देवाची कृपा, चाळिसाव्या दिवशी गुडघ्यांवर आली. आईला वाचता येत नाही. पुस्तक अजून छापलेलं नाही. मग हे वाक्य तिच्या तोंडी कुठून आलं?

उत्तरापुरता तरी लोभ ठेव.

खारूताई

२२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मीच वाचून दाखवलं. जानेवारीत आले होते तेव्हा, तू कामावर गेली होतीस. मुलीने लिहिलंय म्हटल्यावर ऐकू दे म्हणून मागेच लागली. हाकेच्या ओळीला खूप रडली. शेवट ऐकून मात्र तिने माझे हात धरले आणि म्हणाली, आता मला काही नको. त्या दिवसापासून ती पुन्हा उपासनेला जायला लागली, हे तूही पाहिलंस.

म्हणून म्हणत होते, तिला सांगू नकोस. शेवटच्या दोन ओळींचं तू ठरव. तुझ्या मालकांना मी तसं लिहून दिलं आहे, अडवणार नाही. पण ठरवताना आईकडे बघ.

आशीर्वाद नको असेल तरी पाठवते.

मावशी

१ मार्च

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

आईकडे बघितलं. आठवडाभर तेच केलं. ती उपासनेहून येते तेव्हा हसरी असते, आणि ते हसू तुझ्या दोन ओळींवर उभं आहे. तुझी चिठ्ठी मालकांच्या मेजावर होती. वाटलं, जाऊ दे, राहू द्यावं. मग शेजारच्या गल्लीतली ती बाई डोळ्यांपुढे आली. तिने पुस्तक हातात घेऊन चाळीस दिवस मोजले आणि चाळिसाव्या दिवशीही तिला काही मिळालं नाही, तर ती म्हणेल, खोट माझ्यातच आहे. मीही वर्षभर तेच म्हणत होते. अशीच पुस्तकं वाचून.

म्हणून गुरुवारी भांडी घासता घासता मी आईला सांगितलं की मी गुडघ्यांवर आले नाही, अजूनही पोपडेच मोजते. ती ताट विसळत राहिली. मग तिने विचारलं, किती झाले? मी म्हटलं, सतरा. ती म्हणाली, कपाटामागचा धरला नाहीस, अठरा आहेत. एवढंच बोलली. या रविवारी ती उपासनेला गेली नाही. पुढच्या रविवारी जाईल की नाही, मला माहीत नाही. हे माझ्यामुळे झालं, ते मी तुझ्यावर ढकलणार नाही.

पण बाकीचं तुझ्यावरच आहे, मावशी. चुलीचा शब्द तू दिला होतास. मला देवाशी बोलता येत नव्हतं, तेव्हा मी तुझ्याशी बोलत होते. आता दोन्ही जागा गेल्या. डबा तुझ्याकडेच ठेव. त्यात यापुढे भर पडणार नाही.

पत्र मात्र पुस्तकात राहू दिलंय. ती बाई ते ऐकून जेवली, हे मला खोडता आलं नाही. तुझ्या दोन ओळी मी लाल पेन्सिलीने काढल्या, चष्मेकाकांनी हस्तलिखितावर बोट ठेवून ते मान्य केलं, आणि खाली मी सही केली. एकतिसावा दिवस आता प्रश्नचिन्हावर थांबतो. त्याखाली अर्धं पान कोरं आहे. सोळा पानांचा तो फर्मा काल सकाळी छापून झाला.

गुडघ्यांना शेक घे. लोभाचं यावेळी काही मागत नाही.

तुझ्या बहिणीची मुलगी