भाऊ, क्लबची खोली विकली

भाऊ,

आपला क्लब कर्जात आहे, आणि थोड्याथोडक्या नाही. तुमच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. कर्ज द्यावं असं क्लबकडे होतं तरी काय? एक मैदान, एक दगडी खोली, शिवून शिवून वापरलेले दोन-चार फुटबॉल, आणि घाटात रेल्वेच्या गाड्यांना मागून इंजिन लावून वर रेटणारी तुमच्यासारखी माणसं, जी ड्युटी उतरली की घराआधी मैदानाकडे वळायची. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. घरातली सगळी चुलत भावंडं तुम्हाला भाऊ म्हणायची म्हणून मीही भाऊच म्हणत आले, आणि मुलगी म्हणून जे बोलायचं ते बरंचसं राहून गेलं. आज लिहायला बसले आहे ते गेल्या महिन्यात एका रविवारी जे झालं त्यामुळे. आई असती तर तिला सांगितलं असतं. पण तीही म्हणाली असती, "मला काय इचारतीस? तुज्या भाऊंस्नी इचार."

ज्या आबांनी वलवणच्या रस्त्याकडची स्वतःची जमीन मैदानाला दिली, त्यांचा नातू आता क्लबचा अध्यक्ष आहे. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो शाळेत जात होता. पोरगा गुणी निघाला. पुण्याच्या लीगमध्ये आपला संघ खालच्या गटात रखडत होता, तो त्याने वर काढला. त्यासाठी गोव्याकडचे, मुंबईचे खेळाडू पगारावर आणले, कोच आणला, मैदानावर हिरवं टर्फ घातलं, चार कोपऱ्यांत उंच दिवे लावले. एका बंगलेवाल्या बिल्डरने स्पॉन्सर म्हणून शब्द दिला होता आणि त्या शब्दावर पतसंस्थेचं कर्ज निघालं. दोन हंगाम असे गेले की काय सांगू. पुण्याला सामना असला की इथून ढोल घेऊन पोरं जायची, निळ्या जर्सीत, तोंडं रंगवून. मीसुद्धा गेले, गुडघे दुखत असताना. आपल्या गावाचं नाव लाउडस्पीकरवर ऐकलं तेव्हा मला तुमची फार आठवण झाली. मग बिल्डरचं स्वतःचंच काम कुठेतरी अडकलं आणि त्याने फोन उचलायचं बंद केलं. खेळाडूंचे पगार थकले, एकेक जण बॅग भरून गेला. बसवाल्याने बस पाठवायची थांबवली. गेल्या पावसाळ्यात विजेचं कनेक्शन कापलं, तेव्हापासून ते दिवे नुसते उभे आहेत.

रोज संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर माणसं जमतात, पण बोलणं खेळाचं नसतं. कोणाचं किती थकलंय, जप्ती येणार का, पुढच्या हंगामात संघ उतरणार का. चिक्कीच्या दुकानातला सेल्समन, रिक्षावाला, कॉलेजातल्या मुली, सगळे एखाद्याच्या घरी आजारी माणूस असावं तसे हळू बोलतात. मी इतकी वर्षं हॉस्पिटलात नोकरी केली, मला तो आवाज ओळखता येतो. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांचा आवाज असतो तो. डॉक्टर काय म्हणाले, असं एकमेकांना विचारायचं, आणि खरं उत्तर कोणालाच नको असतं.

मग रिसॉर्टवाल्याची ऑफर आली. क्लबचं सगळं देणं तो भागवणार, बदल्यात मैदान लांब मुदतीच्या भाड्याने त्याच्याकडे. शुक्रवार ते रविवार तिथे लग्नं आणि पाहुण्यांच्या गाड्यांचं पार्किंग, बाकीच्या दिवशी पोरांनी खेळावं. क्लबच्या नावात त्याचं नाव. अर्ध्या लोकांना हे पटलं होतं, कारण निदान संघ तरी राहील. बाकीचे अध्यक्षाला उघड शिव्या देत होते. त्याच्या बायकोला बाजारात कोणीतरी काहीतरी बोललं. त्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

"मावशी, आजोबांनी जमीन दिली आणि नातवानं घालवली, असंच म्हणणार ना सगळे?"

"म्हणतायत ते कानावर आलंय माझ्या," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"माझा फ्लॅटसुद्धा तारण आहे. घरी अजून माहीत नाही."

तेव्हा मला तुमची बोलणी आठवली. मी सातवीत असेन. देहूरोडच्या संघाकडून आपण शेवटच्या मिनिटाला हरलो होतो आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की आपला गोलकीपर बावळट आहे. तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त मैदान रिकामं होईपर्यंत थांबलात, मला गोलच्या दोन खांबांमध्ये नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "हितनं बघ. म्होरं धा मानसं हायत. त्या धा जनांचं चुकल्याबिगर बॉल हितपतुर येत न्हाई. पर लोकांस्नी निसता ह्योच दिसतो." मी रडले होते. तुम्ही समजूत काढली नाहीत. आणि त्या दुपारी माझ्यासमोर हा बसलेला, आणि मी विचार करत होते की दिवे लागले त्या दिवशी टाळ्या कोणी वाजवल्या? मीही होते तिथे. पैसे कुठून आले हे विचारायला मला तोंड नव्हतं का?

त्या रविवारची सभा क्लबच्या खोलीत होती. भाऊ, मला त्या खोलीबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सांगावंसं वाटतंय. ती होण्याआधी सगळ्या संघाच्या जर्स्या आपल्या घरी यायच्या. आपल्याकडचा पाऊस, कपडा चार-चार दिवस वाळायचा नाही. आई चुलीवर दोऱ्या बांधून त्या वाळवायची आणि आपला संघ मैदानात उतरला की धुराचा वास यायचा. समोरचे चिडवायचे, "आले कोळशेवाले." आई कधी सामना बघायला गेली नाही. पण कोणाची जर्सी कोणत्या बाजूला फाटते हे तिला माहीत होतं. आणि सामन्यानंतर सगळा संघ आपल्या स्वयंपाकघरात जेवायला. मी लहान होते, तरी मला कळत होतं की गावात आपल्या घरचं पाणी न घेणारी माणसं अजून आहेत. तुम्ही बाबासाहेबांचा फोटो बाहेरच्या खोलीत दारासमोर लावला होता, येणाऱ्याला पहिला तोच दिसावा म्हणून. पहिल्यांदा आबा आले तो दिवस मला दिसतो. धोतर, डोक्याला फेटा. आई चुलीपाशी अवघडून उभी आहे. आबा पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "वैनी, वाढा की. का पाव्हन्याला उपाशी लावता?" आई वाढते. भाकरी ताटाच्या कडेला पडते. तुम्ही दारात उभे आहात, बाहेर तोंड करून. त्याच महिन्यात आबांनी मैदानाची जमीन क्लबच्या नावावर करून दिली. आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत, सुटीच्या दिवशी दगड वाहून, तुम्ही सगळ्यांनी मिळून ती खोली बांधलीत. मला तुम्ही त्या वेळी बूट आणून दिले होते, मुंबईहून, मुलाच्या मापाचे. पुढे कापूस घालून मी ते घातले आणि अंगणात चार दिवस मिरवले. मुलींचा संघ तेव्हा नव्हता. आता आहे, आणि चांगला आहे.

तर त्या खोलीत सभेच्या दिवशी बसायला जागा नव्हती. अध्यक्ष उभा राहून सगळं सांगत होता, काही न लपवता. मागून कोणीतरी ओरडलं, "आधी राजीनामा द्या, मग बोला." तो म्हणाला, "देतो. पण देणं राजीनाम्यानं फिटत नाही." मग रिसॉर्टची ऑफर वाचून झाली. एक कॉलेजातली मुलगी उठली, मुलींच्या संघात बॅकला खेळते. ती म्हणाली, "आम्हाला शाळा-कॉलेज असतं. आम्ही रविवारीच खेळतो. मग रविवारी आम्ही जायचं कुठं?"

तेव्हा मी उठले. मी म्हणाले की मैदानाला हात लावू नका. रस्त्याला लागून जो तुकडा आहे, ज्यावर आपण बसलो आहोत, ही खोली आणि पुढचं आवार, त्याला हायवेवर दुकानं-हॉटेलं काढणाऱ्यांकडून चांगली किंमत येईल. तो विकू. टर्फवाल्याचं, पतसंस्थेचं बरंचसं फिटेल. पुढचे काही हंगाम लीगमधून बाहेर राहू, पगारी खेळाडू नकोत, आपलीच पोरं-पोरी खेळवू. संघ मोठा राहणार नाही, पण मैदान आपलं राहील.

मग आपले गोलकीपर काका उठले. हो, तेच. आता काठी घेऊन चालतात, तुमच्या सोबतच्यांपैकी तेवढेच उरलेत. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ह्यो दगूड आमी डोक्यावर वाहिलाय. ही खोली झाल्याव पयल्यांदा समदी एका छपराखाली बसाया लागली. कुनाच्या घरात न्हाई, आपल्या हक्काच्या जागंत. आन तू त्याची पोरगी आसून ही इकाया सांगतीस?"

ते म्हणत होते ते खरं होतं. लोक त्यांच्या बाजूला झुकले हे मला दिसलं. रिसॉर्टच्या ऑफरमध्ये खोली राहत होती, मैदान जात होतं. मी अजून थोडं बोलले आणि खाली बसले. मग हात वर करून मतं झाली. खोली विकायचं ठरलं, पण थोडक्यात ठरलं. ज्यांनी विरोधात हात वर केले त्यांतले काही जण आता मला रस्त्यात ओळख देत नाहीत. काका सभा संपायच्या आधीच निघून गेले. मी मागे धावले, त्यांना रिक्षा करून देते म्हणाले. "मला चालता येतंय," एवढंच बोलले. अध्यक्ष रडला, सगळ्यांसमोर. फ्लॅट सुटेल की नाही हे अजून त्यालाही माहीत नाही, आणि उरलेलं देणं कोण फेडणार, त्याचंही उत्तर कोणाजवळ नाही. क्लब राहील का, हे मला कोणी विचारलं तर मी राहील म्हणते. पण तसं मी पेशंटच्या नातेवाइकांनाही म्हणायचे.

गेल्या आठवड्यात खोलीतलं सामान हलवलं. कपाट, जुने फोटो, जाळी. तुमचा फोटो मी घरी आणला. गिऱ्हाईक म्हणतं की दिवाळीनंतर खोली पाडणार.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं ते सांगते. काका बोलल्यावर मी "अजून थोडं" बोलले असं वर लिहिलंय. काय बोलले ते लिहिलं नाही. मी म्हणाले, शेवटच्या आजारात भाऊंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "खोली काय, पुन्यांदा बांधता यील. मैदान जाऊ द्यायचं न्हाई." मी तुमच्याच बोलीत म्हणाले. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुमच्या उशाशी मीच होते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे शंका घेणार तरी कोण? मतं त्या वाक्यावर फिरली.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. त्या दिवसांत तुम्ही क्लबचं नावसुद्धा काढलं नाहीत. खिडकी उघडी ठेव म्हणायचात, घाटातून वर येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही कदाचित काकांसारखंच बोलला असता, आणि मलाच खोलीबाहेर काढलं असतंत. मला खरंच माहीत नाही. पोरं आता ते वाक्य मैदानाच्या भिंतीवर रंगवणार आहेत, खाली तुमचं नाव टाकून. परवा मला विचारायला आली होती, अक्षरं निळी हवीत की पांढरी. मी निळी म्हणाले.

हे मी कोणाला सांगणार नाही आणि हे पत्रही कोणाला दाखवणार नाही. पण भाऊ, एक गोष्ट मला नीट झोपू देत नाही. ते वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं आहे, की आता ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं.