चिठ्ठीवरचं औषध

नेवासा, ता. ८ मार्च १९७२

चि. पुष्पावतीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

तुझी वहिनी ३ फेब्रुवारीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आली, तेव्हापासून मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा: उशाकडची बाजू वर होणारी खाट, आखडलेला हात ओढून वर नेण्यासाठी आढ्याला कप्पी आणि दोरी, आणि चोळीत डाव्या बाजूला घालायला मांजरपाटाची पिशवी, आत बाजरी, वर कापूस. वजन सोनाराच्या काट्यावर तीस तोळे. दुसऱ्या बाजूचं माप कसं काढलं ते लिहीत नाही. चांगुणा त्यावरून अजून मला बोलते. भिंतीवर खुणा केल्या आहेत. पहिल्या दिवशी हात दुसऱ्या खुणेपर्यंत गेला, काल सातव्या.

आता त्या नव्या गोळ्यांबद्दल. तू नर्स झालीस याचा मला अभिमान आहे, पण तुमच्या डॉक्टरांचं मला पटलं नाही. म्हणे स्तनाच्या कॅन्सरच्या निम्म्या बायांना औषध, निम्म्यांना तसलीच दिसणारी खडूची गोळी, आणि कुणाला काय ते चिठ्ठी ठरवणार! पुष्पे, मी चौथीपुढं शाळा पाहिली नाही. पुस्तकं वाचून इंजिनं शिकलो, वीस वर्षं उघडतोय. चिठ्ठी टाकून बेअरिंग बसवत नाही. माझी बायको म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे. वर गाडीभाड्याची लालूच कशाला? नको म्हणून कळव. तुझी पत्रं चांगुणेला मीच वाचून दाखवतो. तेवढा मजकूर गाळला. पुन्हा लिहू नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

दादा रंगनाथ


मुंबई, ता. १९ मार्च १९७२

ती. दादाच्या चरणी पुष्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.,

कप्पीचं चित्र वॉर्डातल्या बायांना दाखवलं. सगळ्याजणींना असला नवरा हवा झालाय. मी म्हटलं, आधी चार दिवस नेऊन बघा.

पण दादा, डॉक्टरांना उत्तर ठाऊक असतं तर त्यांनी चिठ्ठी टाकलीच नसती. वहिनीच्या काखेतल्या चार गाठींत रोग सापडला. अशा बायांत नुसती शस्त्रक्रिया करून पुष्कळजणींचा रोग परत येतो, हे त्यांनी मोजलेलं आहे. गोळ्यांनी तो थांबेल का, हे मात्र कुणालाच माहीत नाही. म्हणून निम्म्या-निम्म्या. नावं घेणं तीस तारखेला बंद होईल.

आणखी एक, रागावू नकोस. गाठ बाजरीएवढी असताना वहिनीनं तुला सांगितलं नाही. लिंबाएवढी झाल्यावर मला सांगितलं. का, असं विचारलं तर म्हणाली, की ते लगेच सगळं आपल्या हातात घेतात. या वेळी तरी तिला विचार.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा.

पुष्पा


नेवासा, ता. २ डिसेंबर १९७२

चि. पुष्पावतीस आशीर्वाद.

मार्चचं तुझं पत्र पेटीत ठेवलं होतं. वाचून दाखवलं नाही, उत्तरही दिलं नाही.

व्रणाच्या कडेला गाठ आली आहे. कॅलिपरनं मोजली, नऊ मिलिमीटर. आठ दिवसांनी अकरा. मोजून पुढं काय करायचं ते कळत नाही. हात तिसऱ्या खुणेवर उतरला. खोकला थांबत नाही. पाऊस न झाल्यानं घरात रेशनची लाल मिलो ज्वारीच आहे. काल चांगुणा म्हणाली, की चोळीतली बाजरी दळून आणा, एक भाकरी तरी गोड लागेल. हसली, आणि मग घटकाभर खोकत बसली.

डॉक्टरांना सांग, मी चिठ्ठीला तयार आहे. खडूची निघाली तरी चालेल.

रंगनाथ


मुंबई, ता. ११ डिसेंबर १९७२

ती. दादास साष्टांग नमस्कार.

विचारलं. हात जोडून विचारलं. ती यादी रोग परत न आलेल्या बायांची आहे. आता नाव घेता येत नाही. इकडं आणलंस तर किरणांचा शेक देतील, त्यानं दुखणं कमी होईल. त्यापुढचं त्यांनी काहीच कबूल केलं नाही.

गोळी लागू पडते का, हे अजूनही कळलेलं नाही. कुणाला काय दिलं त्याची पाकिटं बंद आहेत, काही वर्षांनी उघडतील. त्यामुळं हे तुझ्यामुळं झालं असं मी म्हणू शकत नाही, दादा. झालं नाही असंही म्हणता येत नाही. वहिनीला पत्रं पुरती वाचून दाखव.

पुष्पा


नेवासा, ता. २२ मार्च १९७३

चि. पुष्पास,

तार मिळालीच असेल. चांगुणा सोमवारी, १२ तारखेला सकाळी गेली. शेकानं महिनाभर दुखणं कमी झालं होतं, तेवढंच.

त्याच्या पाच दिवस आधी मी पेटी उघडली आणि तुझी सगळी पत्रं तिला वाचून दाखवली, एक ओळ न गाळता. चिठ्ठीचा मजकूर तिनं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, की चिठ्ठी मी उचलली असती. खडू निघाला असता तरी माझ्या हातानं निघाला असता. लई नाही, पण दर तीन महिन्यांना वन्संची भेट तरी झाली असती. मी माफी मागितली. त्यावर तिनं एवढंच सांगितलं, की ती कप्पी काढा, डोळ्यांसमोर नको.

काढली. खुणा भिंतीवर आहेत.

तुमच्या इस्पितळाचं छापील कार्ड आलं: रोगी हयात आहे काय, नसल्यास तारीख. भरून पाठवलं. शस्त्रक्रियेपासून तेरा महिने नऊ दिवस. कारणाला एकच ओळ होती, तिथं रोगाचं नाव लिहिलं. उरलेलं मावलं नाही, ते खाली लिहितो.

माया कोणत्या तोंडानं मागू? ठेववली तर ठेव.

रंगनाथ

ता. क. मी तिला न विचारता नाकारलं ते असं: त्या गोळ्यांची चिठ्ठी, दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मुंबईत फुकट तपासणी, आणि प्रत्येक खेपेला दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं, रुपये अठ्ठेचाळीस.