नोरीनचं बटण

मंगळवार, ९ मार्च २०१०. सनीवेल.

नऊला ऑफिस. दोन बैठका. जेवायला सूप, अर्धं टाकून दिलं. घरी आल्यावर लिंबाच्या झाडाला पाणी घातलं. नोरीनला जाऊन आज पाच आठवडे.

दुसऱ्या बैठकीत आमचा साहेब गिडियन याने पडद्यावर आमच्या शोधाच्या पानावरचं तिचं बटण दाखवलं — ‘थेट चला’. शोधायचा शब्द टाइप करून ते दाबलं की यादी नाही, जाहिराती नाहीत, सरळ पहिल्या निकालाच्या पानावर. अकरा वर्षांपूर्वी तिने ते बनवलं, मी तपासलं. तिथेच आमची ओळख झाली, पुढे लग्न.

“हे काढायचंय,” गिडियन म्हणाला. “गिऱ्हाईक मागच्या दाराने निसटतं. जाहिरात दिसलीच नाही तर कंपनीने खायचं काय?”

मी समोरच बसलो होतो!

बुधवार, १० मार्च

डोकं अजून तापलेलं. कुठे जायचं ते ज्याला ठाऊक असतं तोच हे बटण दाबतो. तो जाहिरातीपाशी कशाला थांबेल? मग बुडालं काय? नोरीन हे दहादा सांगायची. मला एकदाही सांगता आलं नाही.

शुक्रवार, १२ मार्च

कॉफी घेताना मरिसोलने गाठलं. नोरीनची मैत्रीण, जिभेला हाड नाही. “एव्हरेट, तोंड उघडणार आहेस, की बटणाच्या दफनालाही काळा कोट घालून गप उभा राहणार?”

लागलं. तसाच गिडियनच्या खोलीत गेलो. आवाज चढला — माझा! “किती बुडालं ते दाखव!”

“चाचणी झालीय, जानेवारीत. अर्ध्या लोकांपासून बटण लपवून पाहिलं.”

“मग आकडे दे!”

“नाही देत. शिव्या द्यायच्या तर दे, बाबा.”

मेलेल्या बाईचं काम पुसतात आणि आकडेही लपवतात. नीच!

सोमवार, १५ मार्च

दिवसभर प्रत्येक शोध तिच्याच बटणाने. ती आजारी पडल्यापासून ऑफिसात आमच्या मजल्यावर सगळेच तसं करतात.

मंगळवार, १६ मार्च

चाचण्यांच्या नोंदीत अहवाल मीच शोधून काढला. १९ जानेवारी. खाली नाव नोरीनचं. इस्पितळातून लिहिलेला.

‘बटण लपवलं तरी जाहिरातींचं उत्पन्न तेवढंच. नुकसान नाही. पण मोजणीतून आपल्या ऑफिसची माणसं वगळायची राहिली होती. ती वगळल्यावर दाबणारं जवळपास कोणीच उरत नाही. काढून टाका. गिडियन, मी गेल्यावर काढ. एव्हरेटला कारण जाहिरातींचं सांग. कोणी वापरत नाही हे त्याला सोसायचं नाही. त्यापेक्षा तुझ्यावर चिडू दे.’

घरी आलो. लिंबाची पानं पिवळी का पडतात, असं टाइप केलं. शोधायचं साधं बटण दाबलं. वर खतांच्या जाहिराती आल्या. एकेक वाचत खाली गेलो.