तीन इंच खाली

१५ जानेवारी १९६१, रविवार. अमरावती.

काल संक्रांतीला अकोल्याला शालूच्या सासरी जाऊन आलो. जाताना गाडी झकास चालली. येताना पण चालली, मीच बोललो नाही. कारण आमचे व्याही किसनराव. सरकीचा व्यापार, दारात जीप आणि जिभेला हाड नाही. चार पाहुण्यांसमोर माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर थाप दिली आणि म्हणाले, "इवाई, हे गाडी हाय का रेंगी? लई उंच बसते." पाहुणे हसले. आमची सौ. इंदूसुद्धा हसली. स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीला.

फ्रेंच गाडी आहे. पुढची चाकं ओढतात. उभ्या अमरावतीत अशी दुसरी नाही. नागपूरचे एक डॉक्टर परदेशी निघाले तेव्हा मी घेतली. पस्तीस वर्षं ओव्हरसियरकी केली आहे, मशिनरी मला कळते. बैलाच्या गाडीशी तुलना करतात!

मुख्य गोष्ट लिहायची राहिली. शालूला सातवा लागेल आठ-दहा दिवसांत. पहिलं बाळंतपण माहेरीच. मी सर्वांसमोर जाहीर करून आलो की पोरीला माझ्याच गाडीतून आणीन. सौ. म्हणते, २४ फेब्रुवारीला आठवा लागतो आणि आठव्यात लेकीला गावाबाहेर हलवत नाहीत, म्हणून त्याच्या आत आणा. चाळीस दिवस हातात आहेत. काम तीन तासांचं.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी राग सोडायला सांगितलं आहे. आजपासून सोडला.

१८ जानेवारी, बुधवार

गाडी तीन इंच खाली घेतली. कारण फक्त शालू. अवघडलेल्या पोरीने एवढं उंच चढायचं का? रेंगीचा काही संबंध नाही.

गोवर्धन मिस्त्रीने खालचे बोल्ट पिळले आणि अर्ध्या तासात गाडी खाली बसली. लांबून पाहिली. दबा धरलेल्या मांजरासारखी दिसते. गोवर्धन म्हणाला, पुढच्या ॲक्सलचा जॉइंट आता तिरका फिरेल, त्यावरचा रबरी बूट घासून फाटेल. बूट म्हणजे जॉइंटवर चढवलेली रबराची पिशवी, आतलं ग्रीस बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून. हे तो मला समजावून सांगत होता. मला! ऐकून घेतलं. रागावलो नाही. फक्त त्याला बाहेर जायला सांगितलं.

२२ जानेवारी, रविवार

वलगावपर्यंत ट्रायल. गाडी उत्तम. वळणावर तर जमिनीला चिकटून. गावाअलीकडच्या मोरीवर मात्र पोट घासलं, असा आवाज झाला की मागून येणारा सायकलवाला उतरला. मोरीवर एवढा उंचवटा ठेवतात का? कोणत्या गाढवाने लेव्हल काढली होती, असं मी मोठ्याने विचारलं.

घरी आल्यावर आठवलं. १९४९. मीच. पण तेव्हा गाड्या उंच होत्या, त्या काळाला लेव्हल बरोबर होती.

२९ जानेवारी, रविवार

सकाळी सौ.ने ओट्यापुढे रांगोळी काढली होती. त्यावर गाडी उभी केली नव्हती, शेजारी केली होती. तरी रांगोळीवर काळ्या ग्रीसचे थेंब. सौ. म्हणाली गाडी गळते. मी म्हणालो गाडी गळत नाही, शेजारच्या पार्बताबाईंचा कुत्रा कुठेतरी ग्रीसमध्ये लोळून आला असेल. कुत्र्याला बोलावून पाहिलं. कुत्रा स्वच्छ निघाला.

जॅक लावून आत शिरलो. डावा बूट फाटला आहे. उजवा फाटायच्या बेतात आहे. चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं. रबरच वाईट. फ्रेंच लोकांना अत्तर कळतं, रबर कळत नाही.

गोवर्धनला बोलावलं. तो आत न शिरताच म्हणाला, गाडी वर घ्या. मी म्हणालो, मी बूट विचारला, सल्ला विचारला नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बूट अमरावतीत मिळत नाही. नागपुरात मिळत नाही. मुंबईच्या एका दलालाला पत्र टाकलं, सोबत माझ्या हाताने काढलेला ड्रॉइंग, स्केल लिहून. तोवर सायकलची ट्यूब कापून जॉइंटवर गुंडाळली, वरून तारेने आवळली. मिस्त्री लोकांना जे सुचत नाही ते मला सुचतं.

संध्या. ७. ट्यूब राजकमल चौकात सुटली आणि चाकाबरोबर फिरून मडगार्डवर फटाफटा वाजत राहिली. टांगेवाल्याचं घोडं बुजलं. टांगेवाला जे बोलला ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबईहून पार्सल. बूट आला. ट्रकचा आहे. माझ्या डोक्यात टोपीसारखा बसतो. बसवून पाहिला तेव्हा सौ. दारात उभी होती.

ड्रॉइंग स्पष्ट होता. दलाल नालायक. त्याला सडकून पत्र लिहिलं, चार पानी. 

सौ. म्हणाली, बडनेऱ्याहून पॅसेंजर जाते, मी जाऊन पोरीला घेऊन येते, दुपारपर्यंत परत. मी विचारलं, मग गाडी कशाला घेतली? ती म्हणाली, तेच तर मी विचारत होती. यावर जेवण केलं नाही. थोडं केलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

किसनरावांचं पत्र. वाचून अंगाचा तिळपापड झाला. लिहितात, तुमच्या गाडीचं काम निघालं असं कळलं, काळजी करू नका, सूनबाईला मी स्वतः जीपने सावकाश अमरावतीला आणून सोडतो, मागे गादी टाकतो. गादी! म्हणजे माझ्या पोरीला माझ्याच दारात ते आणून सोडणार आणि मी नुसता ओट्यावर उभा राहून या बसा करणार. अख्ख्या अकोल्यात सांगत सुटतील.

लगेच तार केली: आभार. माझी गाडी येत आहे.

सौ.ला पत्र दाखवलं नाही. तिचा स्वभाव हळवा आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार

शालूचं पत्र. लिहिते, गाडी नसली तरी चालेल, आईला लवकर पाठवा, इथे सगळे चांगले आहेत पण मन लागत नाही. मुलगी समजूतदार आहे. माझ्यावर घाईचं दडपण येऊ नये म्हणून असं लिहिलं आहे. अशा मुलीला गाडीतूनच आणलं पाहिजे.

सौ.ने पत्र तीन वेळा वाचलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मला राग यायचं कारण नव्हतं. आला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आयडिया सुचली, आणि एकदम अस्सल. विहिरीवरच्या मोटेला चामड्याची सोंड असते. लांब, मऊ, पाणी गळत नाही. पाणी गळत नाही तर ग्रीस कसं गळेल? रबर गेलं खड्ड्यात. वलगावला देवमन नावाचा म्हातारा मोटा शिवतो. हल्ली सगळीकडे इंजिनं आल्याने त्याच्याकडे काम कमी, मला वाटलं आनंदाने उडी मारील. त्याने आधी गाडीखाली डोकं घालून पाहिलं, चाक हाताने फिरवायला लावलं, चामड्याचा एक तुकडा मधोमध मोडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला,

"सायेब, चामडं वाकते. पन एकाच जागी मोडत राह्यलं तं फाटनच. मी शिवून देतो, तुमी गाडी वर घ्या."

म्हणजे हा पण! मोट शिवणाऱ्याने मला ॲक्सल शिकवायचा! गोवर्धनने त्याला शिकवून ठेवलं असणार, दोघांची ओळख निघेल कुठेतरी. रागावलो नाही, फक्त लाल झालो. त्याने दोन्ही बाजूंचे बूट दुहेरी टाक्याने शिवले, एरंडीचं तेल पाजलं. काम मात्र देखणं आहे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून दोनदा कॅम्पात फेरी मारली. थेंब नाही. जिंकलो. सौ.ने माहेरपणाची खोली सारवून घेतली, बाज उन्हात टाकली. गुरुवारी पहाटे निघायचं. शालूला कार्ड टाकलं: दारात तयार राहा.

२३ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९.

बडनेरा गेलं तोवर सगळं ठीक. मूर्तिजापूरच्या अलीकडे प्रत्येक वळणाला डाव्या चाकातून टक्‌ टक्‌ टक्‌. सौ. म्हणाली काहीतरी वाजते. मी म्हणालो रस्ता वाजतो. पुढच्या वळणानंतर सरळ रस्त्यावरही वाजायला लागलं.

उतरून पाहिलं. देवमनचा बूट एकाच जागी मोडून फाटला होता. ग्रीस गेलं, आत मूठभर धूळ. इंचभरही पुढे नेली असती तर जॉइंट तुटला असता. असं गोवर्धन म्हणाला, म्हणजे दुपारी दोन वाजता निरोप पोचून तो आला तेव्हा. तोवर आम्ही बाभळीखाली बसून होतो. सौ.ने शालूसाठी केलेला डबा उघडला, माझ्यापुढे ठेवला, स्वतः खाल्लं नाही.

मी पहिल्यांदा गोवर्धनवर ओरडलो, मग देवमनवर, जो तिथे नव्हता, मग रस्त्यावर. सौ. गाडीकडे पाठ करून अकोल्याच्या दिशेला पाहत होती. तिच्यावर ओरडायला काही सापडलं नाही. संध्याकाळी गाडी एका ट्रकमागे बांधून घरी आणली.

आज शालू दारात तयार असेल. तार करायची राहिली.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवा लागला.

वास्तविक या जुन्या समजुती आहेत. शिकलेल्या माणसाने मानू नयेत. किसनरावांना तार केली की विज्ञानाच्या दृष्टीने आठव्यात प्रवासाला हरकत नाही. दुपारीच उत्तर: घरातल्या बायका नाही म्हणतात, क्षमस्व. पुढे लिहिलं होतं, त्यासाठीच आधी पत्रात जीपचं विचारलं होतं.

तार सौ.च्या हातात पडली. तिने वाचली. ते पत्र कुठे आहे एवढंच विचारलं. दिलं. माझी बाजू मी सविस्तर मांडली, गादीचा मुद्दा पण सांगितला. ती भाजी निवडत राहिली.

२५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उठलो तर सौ.ची ट्रंक ओट्यावर. लुगडी, डिंक, बाळंतविडा, जुन्या मऊ धोतरांची दुपटी. माझ्या धोतरांची. मी विचारलं कुठे. तिने ट्रंकेला कुलूप लावलं आणि सांगितलं,

"मी पोरीजवळ चालली. बाळंतपण होईलोक येत नाई."

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. हीच सौ. शालूच्या लग्नानंतर अकोल्याला गेली की घरून तांब्या भरून नेते, आणि संक्रांतीला पण नेला होता. ती आता व्याह्यांच्या घरी तीन महिने राहणार! लोक काय म्हणतील, मी विचारलं. त्यांना तुमची तार दाखवा, ती म्हणाली.

टांगा बोलावला. बडनेऱ्यापर्यंत तरी गाडीने सोडतो असं मी म्हणणार होतो. गाडी जॅकवर होती.

२६ फेब्रुवारी, रविवार

पार्बताबाईंकडून डबा आला. सौ. सांगून गेली होती. मीठ कमी. तक्रार कोणाकडे करायची? अर्धा दिवस रागवायला कोणी नाही. कुत्र्यावर रागावलो. तो शेपूट हलवत आला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

गोवर्धनला बोलावून गाडी तीन इंच वर घ्यायला सांगितली. प्रयोग म्हणून. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच त्याने विडी ओढली. देवमनकडून नवे बूट शिवून आणले.  

१ मार्च, बुधवार. अकोला, मग अमरावती.

पहाटे निघालो, साडेनवाला किसनरावांच्या दारात. कुठेही आवाज नाही. उतरल्याबरोबर पांढरा रुमाल घेऊन गाडीखाली शिरलो आणि दोन्ही बूट पुसले. रुमाल जसाच्या तसा. तो सगळ्यांना दाखवला. किसनरावांनी हातात घेऊन नीट पाहिला. "गाडी चांगली हाय, इवाई," म्हणाले. हसले नाहीत. त्यांच्यासाठी वाटभर चार उत्तरं तयार करत आलो होतो, एकही लागलं नाही.

शालू दाराला टेकून उभी होती. चेहरा भरला आहे, पाय सुजले आहेत. मी मागचं दार उघडून तिला सीट दाखवली, आता किती सोपं चढणं आहे ते सांगितलं. मग एकदम लक्षात आलं की आता तीन इंच वर आहे, आणि तिला चढायचं पण नाही. ती म्हणाली,

"बाबा, मले गाडी कायले पायजे होती? मी तं आईची वाट पाहून राहिली होती. गुरुवारी रातलोक दारात बसली."

रबराबद्दल सांगायला सुरुवात केली आणि थांबलो. सौ. आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, शालूला दिला, शालूने पिऊन अर्धा परत केला, उरलेला सौ. प्यायली. शालूच्या घरचं पाणी. मला विचारलं नाही. मग म्हणाली, ऊन व्हायच्या आत निघा, डबा पार्बताबाई देतील.

राग आला. खूप. स्वतःचा. पस्तीस वर्षांत कधी आल्याचं आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मागचं दार उघडंच राहिलं होतं. ते मीच लावलं आणि निघालो. अमरावतीपर्यंत गाडी उत्तम चालली.